केदारखेड्याचा छोटा थेरोपॉड

डायनासोर ओळखायला पुस्तकं लागत नाहीत, नजर लागते! असं मी, निवृत्त मास्तर गिरिधर, केदारखेड्याच्या माझ्या शेतात जेसीबीवाल्या भुजंगला ठणकावून सांगितलं.

शेततळं खोदताना ओढ्याकाठच्या गाळातून हाडं निघाल्ती. हलकी, पोकळ. पुढं तीन बोटं आणि पायावर मागं सुरीसारखा काटा! मोबाइलवर ताडून पाहिलं. थेरोपॉड! दोन पायांवर पळणारा शिकारी!

"सर, लई बारीक हाय हो," भुजंग म्हणाला.

"छोट्या जातीचा असंल!"

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण मी गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हे काम माझं एकट्याचं. दुसऱ्या कुणाचा हात न्हाई.' नावही ठेवलं, गिरिधरसॉरस.

बायको उषा म्हणाली, "दारावरच्या पाटीवर तर माझं नाव न्हाई. इथं तरी लावा!"

उषागिरिधरसॉरस झालं. मंग भुजंग रुसला, "खोदलं कुणी?" त्यालाही घुसवलं. प्राण्यापेक्षा नाव लांब झालं! बघायला अर्धा गाव लोटला. चहा करून करून उषा थकली, माहिती सांगून सांगून माझा घसा बसला.

चौथ्या दिवशी तो फोटो बघून शहरातून जीवाश्मांच्या अभ्यासक डॉ. गंधाली आल्या. त्यांनी भिंगातून एकेक हाड पाहिलं.

"सर, तुमचं वर्गीकरण बरोबर आहे."

मी गर्दीकडं पाहून मान डोलावली.

"सगळे पक्षी थेरोपॉडच असतात. हा मोर आहे. नराच्या पायावर असा काटा असतो. दोनेक वर्षांपूर्वी मेला असेल."

गर्दीत सेल्फी काढायला आलेला वनरक्षक अंगद होता. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि वही काढली.

"सर, मोर राष्ट्रीय पक्षी हाय. मारला कुणी?"

"मला काय ठाऊक!"

"ग्रुपवर तुम्हीच लिहिलं ना, काम एकट्याचं म्हणून?"

मंग काय! पंचनामा, जबाब, वनखात्याच्या कचेरीत फेऱ्या. भुजंगनं जबाब दिला, "म्या नुसती मशीन चालवून राह्यल्तो." उषानं तर नावातून आपलं नाव काढून घ्यायचा अर्ज केला, तोही माझ्याच हातून लिहून घेतला!

शेवटी गंधालीबाईंनी लिहून दिलं की हाडांवर जखमेची खूण नाही, मोर आपसूकच मेलेला दिसतो. चौथ्या फेरीला प्रकरण मिटलं. मी बाकावर मटकन बसलो. अंगदनं चहा मागवला.

"सर, राग नका मानू. पण शाळेत विज्ञान कोणत्या वर्गाला शिकवायचे तुम्ही?"

मी चहाचा घोट घेतला.

"पी.टी.," म्हणालो. "सगळ्याच वर्गांना."