कोबेच्या फ्लॅटमधली बाई

घर पाहावं तर गोपाळरावांनीच, म्हणजे मीच, हे शहापुरात कोणीही सांगेल. नात्यागोत्यात कोणी घर घ्यायचं काढलं की आधी मला गाडीवर बसवून नेतात. मी भिंतीवर टिचकी मारतो, नळ सोडतो, फरशीवर पाणी ओततो आणि निकाल देतो. म्हणून आमच्या अंकुरनं जपानात, कोबे शहरात जुना फ्लॅट बघितला, तेव्हा मी बजावलं की मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

माझ्या बायकोची, शोभाची, फ्लॅटलाच हरकत होती. पोरगं तिकडे घर घेतं म्हणजे परत येत नाही, एवढं तिला कळत होतं.

रविवारी दुपारी अंकुरनं व्हिडिओ कॉल लावला. दलाल गाडी लावायला खाली गेला होता, फ्लॅटमध्ये अंकुर एकटाच. मी त्याला भिंती वाजवायला लावल्या. स्वयंपाकघरात बटणांची एक पाटी दिसली. काय चालतं, काय नाही ते कळावं म्हणून सगळी बटणं दाबायला लावली. मग त्याला गॅलरीत पिटाळलं.

तेवढ्यात आतून एक बाई बोलली. जपानीत, मऊ आवाजात, पाहुण्याला या, बसा म्हणावं तशी.

"कोन हाय रे तिथं?" शोभानं विचारलं.

फोन दाराकडे धरून अंकुर कठड्यावरून खाली वाकला होता; रस्त्याच्या आवाजात त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, हे घर एवढं स्वस्त कसं? तो सहज म्हणाला की इथं एक म्हातारी एकटी राहायची. इथंच वारली, आणि शेजाऱ्यांना ते फार उशिरा कळलं. दलालानं हे आधीच सांगून टाकलं होतं.

बाई पुन्हा बोलली. अंकुर आत वळला आणि चित्र अडकलं. अंधारा बोळ, टोकाला अर्धवट उघडं दार. कुठंतरी पाणी पडत होतं. मग फोनला तोंड लावल्यासारखी ती अगदी जवळून म्हणाली, "अंकुर."

कॉल तुटला.

त्यानंतर अंकुर फोन उचलेच ना. शोभानं शेजारच्या गोदावरीबाईंना हाक मारली, गोदावरीबाईंनी साऱ्या आळीला. चहाच्या वेळेपर्यंत बातमी अशी झाली होती की जपानी भुतानं अंकुरला न्हाणीत कोंडलं आहे. गोदावरीबाईंनी लिंबू आणला. अंकुर हाताशी नव्हता, म्हणून माझ्यावरून उतरवला. मी हसण्यावारी नेत होतो, पण खुर्चीतून उठायची हिंमत होत नव्हती.

शेवटी अंकुरचा कॉल आला. पोरगा ओलाचिंब.

"बाबा, तुमी बटनं दाबाले लावली ना, त्यातलं एक आंघोळीच्या टाकीचं होतं."

टाकी म्हणे आपोआप भरते. भरायला लागली की मशीन बाईच्या आवाजात सांगतं, भरून झाली की पुन्हा सांगतं. पाइप जुना, तो फुटला आणि पाणी खालच्या आजोबांच्या घरात गळलं. इतका वेळ अंकुर त्यांच्या दारात वाकून वाकून माफी मागत होता. फोन वरच राहिला होता.

आळी पोट धरून हसली आणि आपापल्या घरी गेली. शोभा हसली नाही.

"मशीन दोनदा बोलली म्हनतोस. मंग तुले नावानं हाक कोनं मारली?"

अंकुरनं मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला की तिथं त्याला अंकुर म्हणणारं कोणीच नाही. सगळे आडनावानंच बोलावतात.

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी काही ऐकलं नाही. साफ खोटं.

अंकुरच्या पाठीमागे तो बोळ दिसत होता. शोभा बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

"घेऊन टाक," ती म्हणाली. "घरात कोनी तरी मोठं मानूस हाय. तू एकटा नाही राहत."

असं ते घर ठरलं. माझ्या टिचक्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. आता दर रविवारी शोभा अंकुरच्या आधी त्या बाईंची विचारपूस करते, जेवण झालं का म्हणून. मी त्यात पडत नाही. मी फक्त व्हिडिओ कॉलला बनियनवर बसायचं सोडलं आहे.