थेंबनाद महोत्सव आणि बाळाबाईंचा हंडा

नवी मुंबईतला पहिला प्रयोगशील संगीत-चित्र महोत्सव कोणी सुरू केला? मी! हसू नका. चौऱ्याण्णव साली, नेरूळला, आमच्या सोसायटीच्या पटांगणात!

कल्पना फक्कड होती. बायकोने, म्हणजे स्मिताने, हंडे, कळश्या, बादल्या झकास रंगवून ओळीत मांडल्या. वर आडव्या बांबूला पाण्याचे डबे टांगले, तळाला भोकं पाडून बुचं लावलेले. थेंब पडणार, प्रत्येक भांडं वेगळं वाजणार आणि मी मधूनमधून सतार छेडणार! सेक्रेटरी कृष्णातरावांनी मात्र दम भरला होता, "पटांगण भरलं तर पुढच्या वर्षी परवानगी. नाहीतर हे थेर बंद!"

संध्याकाळ झाली. चिटपाखरू नाही! स्मिताचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात शेजारच्या गावातल्या बाळाबाई आल्या. त्यांनी ओळ बघितली आणि शेवटी गुपचूप आपला हंडा ठेवला. पाणीटंचाईचे दिवस ते! भांड्यांची रांग दिसली की टँकर येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"टँकर येतोय रे!" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. बघता बघता पटांगण खचाखच! माझा ऊर भरून आला. रसिक आले, तेही आपापली वाद्यं घेऊन! मी डब्यांची बुचं काढली. टप्... टुप्...

"आरं दादा, टिपकं काय गालतंस? नल पुरा खोल ना!" बाळाबाई कडाडल्या.

मागून कोणीतरी बादली पुढे सरकवली. झालं! हंड्यावर हंडा आदळला, कळश्या गडगडल्या. "अहो, माझा नंबर होता!" "डोळे फुटले का?" स्मिता मात्र टाळ्या पिटत होती, "अहो, काय वाजतंय हे!"

खरा प्रकार कळला तसे लोक माझ्या अंगावर धावून आले. कृष्णातरावांनी घाबरून खरोखरच टँकर मागवला, तेव्हा कुठे मी वाचलो. पण पटांगण भरलं होतं ना! ते शब्दाला जागले. दरवर्षी परवानगी दिली आणि दरवर्षी टँकरही. काय गर्दी व्हायची! टँकर येईपर्यंत लोक मुकाट ऐकायचे, काहीजण तर मानही डोलवायचे. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

मग नव्याण्णवला आमच्याकडे नवी पाइपलाइन आली. घरोघरी नळाला धो धो पाणी आणि पटांगणात आम्ही दोघंच! कोण येणार म्हणून मी डबेसुद्धा भरले नव्हते. बांबू सोडायला लागलो, तर समोर बाळाबाई. कमरेवर तोच हंडा! तो त्यांनी शेवटच्या डब्याखाली, नेहमीच्या जागी ठेवला आणि शेजारी ऐसपैस मांडी घातली.

"वाजव आता. आज कुनाला घाई नाय."

मी ओशाळून म्हटलं, "बाळाबाई, डबे रिकामे आहेत हो."

"मंग भरून आन ना मेल्या! नलाला पानी हाय!"