मुळांना विचारलंय का?

शेजाऱ्यांचा प्रयोग मी खाल्ला. पोह्यांत घालून.

लंडनजवळ वॉटफर्डला आमच्या भिंतीला भिंत लावून दिघेकाका राहतात. इथल्याच एका शाळेत बायॉलॉजी शिकवून रिटायर झालेले. वीकेंडला ते ग्लासगोला मुलीकडे गेले आणि जाताना चावी माझ्याकडे देऊन गेले. रविवारी पोहे भिजवले आणि लक्षात आलं, घरात कांदा नाही. काकांच्या किचनच्या खिडकीत मात्र ग्लासांच्या तोंडावर कांदे बसवलेले, त्यांच्या पांढऱ्या दाढ्या पाण्यात सोडलेल्या. म्हातारा माणूस, विसरला असेल, अशा परोपकारी बुद्धीने मी दाढ्या छाटल्या आणि कांदे चिरले.

संध्याकाळी काका आले. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डावीकडचे खाल्लेस की उजवीकडचे?"

"म्हणजे?"

"डावीकडे नुसतं पाणी. उजवीकडे कडुलिंबाचं कीटकनाशक."

माझा हात पोटावर गेला.

"तुला काही होत नाही रे. तू कीटक नाहीस. आणि तुला मुळंही नाहीत."

काकांचं सगळं मुळांवर येऊन थांबतं. कौन्सिलने रस्त्यावर झाडं लावली, की काका विचारणार, "मुळांना विचारलंय का?" मुलगी फोनवर म्हणते, बाबा, घर विका आणि इकडे या. तिलाही तेच उत्तर.

त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवून आधीच्या स्लाइड्स दाखवल्या. साध्या पाण्यातल्या मुळाच्या टोकाशी एका पेशीच्या दोन होण्याची लगबग चाललेली. गुणसूत्रं दोन बाजूंना सरकलेली, समजूतदार भावांनी वाटणी करून घ्यावी तशी. औषधातल्या स्लाइडमध्ये मात्र सगळी मधेच एकमेकांना चिकटून बसलेली, कुणी हलायला तयार नाही.

"वाटणी अडली की मूळ खुंटलं," काका म्हणाले.

"पण काका, लोक सर्रास फवारतात हे. बाटलीवर प्रमाण लिहिलंय."

"ते किड्यांसाठी. मुळांना विचारलंय का कुणी?"

मग ते मला वरच्या छोट्याशा बॉक्स रूममध्ये घेऊन गेले. रेडिएटरजवळ कुंडीत कढीपत्ता होता. पानं चिकट झालेली, फांद्यांवर तपकिरी किडे, अर्धं झाड बोडकं. शेजारी बशीत कान साफ करायच्या काड्या. एकेक किडा ते काडीने टिपत होते.

"विमलने बी रुजवून वाढवलंय," काका म्हणाले. विमलकाकू जाऊन दोन हिवाळे झाले. "आता किड्यांना मी पुरा पडत नाही. औषध द्यायलाच हवं. पण जास्त झालं आणि मुळाशीच गेलं तर? म्हणून पातळ करत करत आधी कांद्यांना देतोय. यावेळचं प्रमाण जमलंय असं वाटत होतं." ते जरा हसले. "ते तू खाल्लंस."

घरी येऊन मी बायकोला, वृंदाला, सगळं सांगितलं. गेला महिनाभर काकांनी तिला फोडणीपुरताही कढीपत्ता दिला नव्हता आणि ती त्यांना चिक्कू म्हणत होती. ती उठली. कोट घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, कांदे घेऊन आली, आमच्या खिडकीत ग्लास मांडले आणि एकेकावर एकेक कांदा बसवला.

"काकांना सांगा, इथेही उगवतायत. लागतील तेवढे न्या म्हणावं," ती म्हणाली. "आणि तुम्ही या खिडकीकडे फिरकायचं नाही. भूक लागली तर ब्रेड आहे."