डझनातलं एक फूल

"छत्तीस मोजे टाकले, पस्तीस निघाले. हे मशीन मोजे खातं की काय, मेलं!" ड्रायरमध्ये डोकं घालून डॉटीमावशी पुटपुटत होती.

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाचे कपडे ती एकोणीस वर्षं धूत होती. पोरी हरल्या तरी जर्सी पांढरीशुभ्र दिसली पाहिजे, हा तिचा बाणा. त्यात आज मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्याआधी शेवटच्या वर्षाच्या खेळाडू आईवडिलांचा हात धरून मैदानात चालत येणार, त्यांना गुलाबांचा गुच्छ मिळणार, सगळं गाव टाळ्या वाजवणार आणि निम्मं गाव रडणार.

तेवढ्यात ऐस्ते धावत आत आली. सहा फूट दोन इंच उंची, चेहरा मात्र शाळा बुडवलेल्या पोरीचा.

"मावशी, गुच्छात फुलं किती असतात गं?"

"डझनभर. लुंडग्रेनकाका स्वतः मोजून बांधतो. का?"

"मेले मी! अगं, आमच्याकडे लिथुआनियात बारा फुलं मयताला नेतात. बारा, दहा, आठ, कुठलीही सम संख्या. जिवंत माणसाला नेहमी विषम."

"तुझी आई कशाला मोजत बसतेय?"

"ती शाळेत गणित शिकवते."

मावशीने मोज्यांचा नाद सोडला. ऐस्तेची आई, रासाबाई, चार वर्षांत पहिल्यांदाच आली होती. कालच. लेकीचं सामान घरी न्यायला दोन रिकाम्या सूटकेस घेऊन. आणि लेकीने महिन्यापूर्वीच इथेच राहून कोचबाईंच्या हाताखाली दोन वर्षं काम करायच्या कागदावर सही केली होती. हे साऱ्या संघाला ठाऊक होतं, कँटीनमध्ये ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रासाबाईंना.

"सांगितलंस का तिला?"

"सामना झाल्यावर सांगते. तेव्हा ती खूश असेल." ऐस्ते बुटांकडे बघत म्हणाली. "पण आधीच बारा फुलं बघितली, तर अपशकुन झाला म्हणून आजच विमानात बसवेल मला. मावशी, काहीतरी कर. फक्त तुलाच सांगतेय."

फक्त तुलाच म्हटल्यावर मावशी कशाला मागे हटते! टॉवेलांची टोपली घेऊन ती हॉलमध्ये गेली. मैदानाच्या कडेला टेबलावर चार गुच्छ नावानिशी मांडले होते. समोरच्या पहिल्या रांगेत रासाबाई तासभर आधीच ताठ बसल्या होत्या. मावशीने त्यांना हसून हात केला आणि दुसऱ्या हाताने ऐस्तेच्या गुच्छातला एक गुलाब टॉवेलांत ढकलला. अकरा. झालं काम!

टॉवेल वाटून ती परतली आणि सहज मोजायला गेली, तर फुलं दहा.

झालं होतं असं. लुंडग्रेनकाका हा संघाच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. जन्मभर मक्याचं बियाणं विकलेला, मापात पाप नाही म्हणून नाव कमावलेला माणूस. त्याने पुन्हा मोजलं, तर अकरा. शोभेच्या फुलदाणीतला एक गुलाब उपसून त्याने डझन पुरं केलं. मग कोचबाई आल्या, इकडेतिकडे बघत एक काढून गेल्या. मग कॅप्टन केन्झी आली, तिनेही एक काढला. कारण ऐस्तेने घाबरून त्या दोघींनाही 'फक्त तुम्हालाच' सांगितलं होतं.

मावशीला यातलं काय माहीत! तिने आणखी एक काढला. नऊ. विषम तर विषम.

"नऊ?" पाच मिनिटांत लुंडग्रेनकाकाची आरोळी आली. "भरदिवसा चोरी! माझ्या टेबलावर!" त्याने तीन गुलाब खोचले आणि माइक हातात घेऊन टेबलाला पाठ लावून उभा राहिला, बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखा.

बँड वाजू लागला. तीन पोरी आईबापांसह येऊन गेल्या. दारात ऐस्ते आईच्या शेजारी उभी होती, चेहरा चुन्यासारखा. काकाने तिचं नाव पुकारायला माइक तोंडाशी नेला, आणि मावशीने त्याच्या पाठीमागून हात घातला.

"डॉटी! तू?" चारशे माणसांच्या हॉलमध्ये काकाचा आवाज घुमला. "एकोणीस वर्षांची ओळख आपली! ठेव ते फूल!"

"नाही ठेवत!"

"डॉटी, मी डझन म्हणजे डझन देतो!"

"अरे बैला, बारा फुलं त्यांच्यात मढ्यावर घालतात!" तेही माइकमधून गेलं.

बँड थांबला. ट्रम्पेटवाल्याने एक सूर जास्तीचा काढला आणि तोही ओशाळून गप्प झाला. कोचबाईंच्या जाकिटातून एक गुलाब डोकावत होता. केन्झीच्या मोज्यातून दुसरा.

रासाबाई शांतपणे चालत टेबलापाशी आल्या, मागून ऐस्ते. बाईंनी काकाच्या हातातला माइक घेतला. इंग्रजी त्या एकेक शब्द तोलून बोलत.

"बारा, अकरा, बारा, अकरा, दहा, नऊ, बारा," त्या म्हणाल्या. "मी समोरच बसले होते. तुमच्याकडे डझन देतात, हे मला माहीत आहे. मी वाचून आले. फुलांना मी भीत नाही."

ऐस्तेने डोळे मिटून घेतले.

"पण एका फुलापायी इतकी मोठी माणसं चोऱ्या करत नाहीत. काल कोचबाईंनी मला तीनदा मिठी मारली. ही धुलाईवाली बाई मी दिसले की हसते आणि पळते. आम्ही दोघी परत कधी निघणार, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझ्यापासून काहीतरी लपवायचं, असं सगळ्यांनी ठरवलंय." त्यांनी गुच्छ लेकीच्या हातात दिला, तिची कॉलर सारखी केली आणि दंड घट्ट धरला. "तू घरी येत नाहीयेस, ऐस्ते. बरं. आता ताठ चाल, लोक बघताहेत."