दत्ता सर चूक कशी पकडतात

दत्ता सर शिकवायला उभे राहिले की त्यांच्या मुठीत शेंगदाणे असतात. मुरबाडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात ते वेबपेजचं कोडिंग शिकवतात, मी टायपिंग. जनरेटर फंक्शनचा धडा आला की ते एखाद्याच्या हातावर एकच दाणा ठेवतात आणि थांबतात. ‘पुढचा’ म्हटल्याशिवाय दुसरा मिळत नाही. "जनरेटर असाच. एक देतो नि तिथंच थांबतो."

कुणीतरी ओरडतं, "सर, खवट हाय!"

सर खूश. "ही तुमी आत फेकलेली एरर! जिथं थांबलोय तिथंच येऊन पडणार. म्हणून चूक झेलणारा ट्राय-कॅच लूपच्या आत, दर दाण्याच्या फेरीत पायजे. बाहेर ठेवला तर एका खवट दाण्यापायी मूठच बंद!" हे ते इतक्या तावातावानं सांगतात की उरलेले दाणे बाकांखाली जातात.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. रोज शब्दांचा सराव केला तर येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी टोकावड्याच्या घरी बसून त्यासाठी एक पेज बनवलं. ते एक शब्द दाखवतं, वहिनी बोलेपर्यंत थांबतं, चुकलं तर एरर. आणि सरांनीच, हो, सरांनीच, ट्राय-कॅच लूपच्या बाहेर ठेवला! पहिल्याच शब्दाला वहिनी अडखळल्या आणि स्क्रीनवर आलं, ‘सराव संपला.’ वहिनींनी जे तोंड फिरवलं ते आठवडाभर. सर क्लासात कुणाशी धड बोलेनात. मला तर भीती वाटली, आता दोघंही कायमची गप्प होतात की काय.

शेवटी कोड दुरुस्त झाला. आता चुकलं की पेज सरांच्याच आवाजात म्हणतं, "असू दे गो. परत बोल." आणि पुन्हा तोच शब्द दाखवतं. क्लासात चुकीवर खेकसणारा हा माणूस! वहिनी ‘पाणी’ म्हणाल्या, ‘भात’ म्हणाल्या. मग एका शब्दावर सगळं अडलं. "कोड बरोबर हाय, तरी पुढं सरकत नाय. तुमी बघा जरा," म्हणत सर मला एसटीनं घरी घेऊन गेले.

स्क्रीनवर शब्द होता, ‘दत्ता’.

मी कपाळाला हात लावला. "सर, वहिनींनी तुमचं नाव कधी घेतलंय का?"

"लग्नात. उखाण्यात," सर म्हणाले.

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "असू दे गो. परत बोल," पेज म्हणालं. त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं, मग सरांकडं. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"अ... हो."

पेजनं ती चूक धरली. मी म्हटलं, "सर, शब्दच बदलून टाका." त्यांना ऐकूच आलं नाही. झटक्यानंतर वहिनींनी पहिल्यांदाच त्यांना हाक मारली होती. सर उठले, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "ओ."