वाळलेल्या नवऱ्याचा फोटो

एका रविवारी मी ठरवलं, की आपला एक वाईट फोटो काढायचा.

चांगला फोटो तं कोणीही काढते. मले वाईटच पायजे होता. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, समोर करपलेला भात, अन् पाहणाऱ्याच्या तोंडून 'अरेरे' निघालं पायजे. पाहणाऱ्याच्या म्हणजे आमच्या स्वातीच्या.

सांगतो. मी दिनेश, जंगल खात्यात क्लर्क. पोंभुर्ण्याकडे जंगलाले लागून आमचे क्वार्टर आहेत. आमच्या दिव्याले डॉक्टर व्हायचं आहे, म्हणून दोन वर्षांपासून ती नागपुरात क्लास करून राह्यली. अन् तिच्या डब्यासाठी, तिच्या अभ्यासासाठी स्वातीही तिथीच खोली करून राहते. इथी मी, टीव्ही अन् भिंतीवरची पाल. (त्यातल्या त्यात पालच बोलते. टीव्हीचं रिचार्ज संपलं.)

दोन वर्षं कशीबशी काढली. मे महिन्यात परीक्षा, मंग दोघी घरी, अशा आशेवर होतो. तं त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात दिव्यानं परीक्षेच्या आधीच जाहीर करून टाकलं, "बाबा, या वर्षी नाई जमत. एक वर्ष ड्रॉप घेते." अन् स्वाती म्हणाली, "घरमालक विचारून राह्यला, खोली ठेवता का सोडता. तुम्ही तिथी बरे असान तं मी आणखी एक वर्ष राहते. नसान तं पोरीले होस्टेलात टाकून घरी येते. बरे आहा ना जी?"

आता असं विचारल्यावर नवरा काय म्हणन?

"मस्त आहो," मी म्हटलं. फोन ठेवला अन् कपाळावर हात मारून घेतला. 'घरी ये' एवढंच म्हणायचं होतं. पण एकवीस वर्षांच्या संसारात मी तिले असं कधी म्हटलंच नाई, तं आता कुठून सुरू करू? म्हणून फोटो. जे मले बोलता येत नाई ते फोटोनं बोलावं.

पहिले मोबाइलवर काढून पाह्यला. पण आमचा मोबाइल भलता प्रेमळ. सुरकुत्या पुसते, गाल भरते, रंग उजळते. माझं दोन वर्षांचं दुःख त्यानं एका सेकंदात साफ केलं. म्हणून मी रईसभाईच्या स्टुडिओत गेलो अन् त्याचा जुना डिजिटल कॅमेरा मागून आणला.

"फोकसचं ध्यान ठेवजा दिनेशभाऊ," रईसभाई म्हणाला. "जे जागचं हलत नाई त्याच्यासाठी सिंगल. बटन अर्धं दाबा, टीं वाजलं की पूर्ण दाबा. जे पळते त्याच्यासाठी कंटिन्यूअस, फोकस त्याच्या मागं मागं जाते. अन् तोंड पायजे असन तं हे फेसवालं. तोंड दिसलं की आपोआप धरते. कोणाचा काढायचा है?"

"एका माणसाचा."

"बसलेला का चालता-फिरता?"

"बसलेलाच," मी म्हटलं. "दोन वर्षांपासून."

दिवस मोहफुलांचे होते. पहाटे बायामाणसं झाडाखाली वाकून फुलं वेचतात, अन् वाघ येते मागून. म्हणून डोक्याच्या मागं बांधायले आम्ही मुखवटे वाटून राह्यलो होतो. वाघाले वाटावं, माणूस आपल्याकडेच पाहून राह्यला. गुलाबी गाल, पिळदार मिशा, बत्तीसी काढून हासणारं तोंड. त्या रविवारी सकाळी मी स्वतः एक बांधून जंगलात गेलो, गोणीतले बाकी मुखवटे वाटले, अन् अकरा वाजता घरी येऊन थेट कामाले लागलो.

भात करपवला. (यात काही कला लागली नाई, तो रोजच करपते.) दारातून चांगला उजेड येत होता. स्वातीच्या ड्रेसिंग टेबलासमोर, आरशाकडे पाठ करून खुर्ची मांडली, पुढं स्टुलावर ताट, अन् त्याच्याही पुढं धान्याच्या डब्यावर कॅमेरा. टायमर दहा सेकंदांचा.

पहिले सिंगल. पण एक अडचण आली. बटन अर्धं दाबून फोकस खुर्चीतल्या माणसावर करायचा असते, अन् खुर्चीतला माणूस तं बटन दाबून राह्यला. घरात दोन माणसं असल्याशिवाय हे सिंगल जमत नाई, हे रईसभाईनं सांगितलं नव्हतं. मंग मी युक्ती केली. स्वातीची उशी खुर्चीत उभी केली, तिच्यावर फोकस धरला, बटन दाबलं, पळत गेलो, उशी उचलून बसलो. पण उशी ठेवावं कुठी हे ठरेपर्यंत दहा सेकंद संपले. फोटो आला, उशी छातीशी घट्ट धरून बसलेल्या पन्नाशीतल्या माणसाचा. उशी एकदम झकास. तिच्यावरचा एकन् एक डाग मोजून घ्या.

खरं सांगू, असा खरा फोटो आयुष्यात निघाला नव्हता माझा. पण पाठवायची हिंमत झाली नाई.

मंग कंटिन्यूअस. मी बसलो, तोंड पाडलं, तेवढ्यात शेजारच्या बुधरीबाईची कोंबडी भाताच्या वासानं आत आली. फोकस तिच्या मागं मागं गेला. कोंबडीच्या डोळ्यातली चमक दिसून राह्यली होती. मी म्हणजे मागचा धुक्यातला डोंगर.

शेवटी फेसवालं. चष्मा काढला (डोळे खोल दिसायले), मान खाली घातली, भातात बोट फिरवलं. क्लिक! बारक्या पडद्यावर, चष्म्याविना, एकंदर कारुण्य बरं दिसलं. कार्ड मोबाइलले जोडलं अन् फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'जेवून राह्यलो. एकटाच.'

दोन मिनिटांत फोन.

"घरी कोण आलं जी?" स्वाती.

"कोणी नाई."

"मंग मागं कोण उभं आहे?"

"मागं? मागं तं आरसा आहे."

"आरशातच आहे तो. मिशीवाला. गालावर काय लाली आहे बाई! अन् दात काढून हासून राह्यला."

मी गर्रकन मागं पाह्यलं. आरशात मीच होतो, घाबरलेला. फोनवर मागून दिव्याचा आवाज आला, "आई, झूम कर. तो माणूस एकदम शार्प आहे. बाबाच ब्लर आहेत."

"वा जी," स्वाती म्हणाली. "'एकटाच' म्हणून लिहिता अन् घरी हासते-खेळते पाहुणे!" मंग तिचा आवाज मऊ झाला, अन् तेच जास्त लागलं. "बरंच झालं म्हणा. मले उगाच घोर होता, तुम्ही एकटे एकटे जेवत असान. आजच सांगते घरमालकाले, खोली ठेवतो म्हणून."

फोन कटला. मी हातात मोबाइल घेऊन तसाच बसून होतो, तं दारात बुधरीबाई.

"बाबूसायेब, माही कोंबडी इथी आली का?" अन् मंग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "अन् हे मागचं तोंड काऊन नाई काढलं? घरातबी वाघ येते का?"

मी डोक्याले हात लावला. मुखवटा तसाच. खाली मान घातलेलं माझं तोंड काही कॅमेऱ्याले सापडलं नाई. आरशातलं हासणारं सापडलं, त्यानं तेच धरलं. बुधरीबाई पोट धरून हासली, कोंबडी बगलेत घेतली अन् गेली. अन् घर पुन्हा शांत झालं.

मले हासू नाई आलं. घरात दुसरं माणूस असतं तं दारातच म्हटलं असतं, 'अहो, ते काढा आधी.' मी दोन तास दोन तोंडं घेऊन घरभर फिरलो, अन् सांगणारं कोणी नाई. भरून आलं मले, लपवू कायले?

त्याच भरात पुन्हा फोन लावला. "स्वाती, तो पाहुणा नाई वो. मुखवटा होता. माझ्याच डोक्याले."

पलीकडे असं हासणं सुरू झालं, की विचारू नका. मायलेकी एकमेकींवर पडून हासल्या असतील. हासणं थांबलं की सांगतो, घरी ये म्हणून, मी मनात घोकून राह्यलो. थांबलं तेव्हा स्वातीच म्हणाली, "शनिवारी येते मी."

"येते?" मी उभाच राह्यलो.

"हो. कूलर न्यायले. आता आणखी एक वर्ष काढायचं तं पोरीले गरमीत अभ्यास कसा होईन?"

"ये," मी म्हटलं. "पुसून ठेवतो."

शनिवारपर्यंत मी तो कूलर तीन वेळा पुसला. दुसरं काय करणार? स्वाती आली, चहा झाला, अन् तिनं कॅमेरा मागितला. तो मुखवट्याचा फोटो तिले मोठा करून पाहायचा होता. पाह्यला, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हासली. एक फोटो मागं गेली, कोंबडी आली, पुन्हा हासली. आणखी मागं गेली अन् तिचं हासणं थांबलं.

तो फोटो पुसायचं मी विसरलो होतो.

तिनं कॅमेरा डोळ्याजवळ नेला. बटन दाबून मोठं केलं. मी कूलरच्या मागं उभा होतो, जीव मुठीत धरून.

"ही माही उशी ना जी?"

"हो."

तिनं पडद्यावरच्या एका डागावर बोट ठेवलं. मंग म्हणाली, "खोळ कधी धुतली होती?"

"तू गेली तेव्हा. तूच धुतली होती."

ती उठली, आत गेली, उशी घेऊन आली, उलटीपालटी करून पाह्यली. "बाप्पा बाप्पा बाप्पा! दोन वर्षं?" मंग उशी मांडीवर ठेवून दुसरीकडे पाहत बोलली, "कूलर राहू द्या इथीच. जून महिन्यात मलेच लागन. पोरीले होस्टेलात टाकते. उगाच फुगू नका, तुमच्यासाठी नाई येऊन राह्यली. या खोळीसाठी येते."

रविवारी बसच्या खिडकीतूनही तिनं दोनदा बजावलं, "खोळ आजच भिजत घाला."

घातली नाई. जून अजून दूर आहे, तोवर तिचं मन बदललं तं? पुरावा हाताशी असलेला बरा. परवा तं मी खोळीवर मुद्दाम थोडा चहा सांडला, रईसभाईचा कॅमेरा पुन्हा मागून आणला, सिंगलवर ठेवला, टीं वाजेपर्यंत थांबलो अन् फोटो काढून नागपूरले पाठवला. या वेळी फोकस एकदम बरोबर होता.

लगेच उत्तर आलं.

"चहा आजचा आहे. साबण वरच्या खणात."