बी विंगचा समुद्र

पुण्यापासून समुद्र चांगला चार तासांवर आहे, पण तो वाचणार तर आमच्या कर्वेनगरच्या बी विंगमुळेच, हे मी एका सकाळी ठरवून टाकलं!

झालं असं, की कादंबरीला भरवताना मी मोबाईलवर एक माहितीपट बघत होते. (मुलांना मोबाईल दाखवत भरवू नये, हे मला माहीत आहे. मीच बघत होते, ती नाही.) त्यात गावजेवणाच्या मांडवाएवढी जाळी समुद्राचा तळ खरवडत होती. मोठे मासे, पिल्लं, कासवं, सगळं एकत्र. घास हातातच राहिला. मुळात मी काळजी करणारी बाई. लेकीच्या खेळण्यातला स्क्रू सैल झाला तरी माझी झोप जाते. इथे तर अख्खा समुद्र सैल झाला होता! ही मोठी होईपर्यंत त्यात मासा उरेल का?

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सुरमई. ती एकदाच करायची, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. म्हणजे पुढच्या महिन्यापासून. फ्रीझरमध्ये किलोभर पडली होती ना! पण नुसतं ठरवल्यावरसुद्धा दुसऱ्यांना सांगायचा अधिकार आपल्याला मिळतो, असं मला वाटायला लागलं.

मी पोस्टर केलं. 'समुद्र वाचवा, मासे कमी खा!' खाली कादंबरीने मासा काढला. तो वांग्यासारखा दिसत होता, पण डोळा असल्यामुळे लोक समजून घेतील, असं वाटलं. सोसायटीच्या बोर्डावर 'वाचून झाल्यावर येथे रेंगाळू नये' या सूचनेशेजारी मी ते लावलं.

प्रतिसाद बघून मी चाट पडले! ग्रुपवर टाळ्याच टाळ्या.

"संपूर्ण पाठिंबा. आमच्या घराण्यात सात पिढ्या मासा नाही," हे आमचे सेक्रेटरी तात्याराव.

"आम्ही जन्मापासून समुद्र वाचवतोय. बोलून दाखवलं नाही कधी," या पहिल्या मजल्यावरच्या दुर्गाबाई.

मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं, "सलिल, अख्खी सोसायटी माझ्या मागे आहे!"

"त्यातल्या बहुतेकांनी मासा फक्त मत्स्यालयात पाहिलाय," तो म्हणाला. "जे खातच नाहीत ते कमी काय करणार?"

याला उत्साह बघवतच नाही!

दोन दिवसांनी तात्याराव जिन्यात भेटले. "रविवारी सभा घेतोय. तुमच्या विषयावर ठराव करू. मसुदा तुम्ही द्या. तुमची भाषा शिकलेली आहे."

मी तरंगतच घरी आले. 'सागरी जीवसृष्टीच्या रक्षणार्थ सर्व रहिवाशांनी समुद्री माशांचे सेवन कमी करावे.' कॉलेजात निबंधालासुद्धा मी इतका घाम गाळला नव्हता.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मागे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली चैताली उभी होती. ती मूळची भंडाऱ्याची, घरून काम करते. मी ऑफिसातून येईपर्यंत कादंबरी तिच्याकडेच असते. साऱ्या पुण्यात ही एकच बाई, जिच्याकडे लेक ठेवल्यावर मी दर तासाला फोन करत नाही.

तात्यारावांनी माझा मसुदा खणखणीत आवाजात वाचला. टाळ्या झाल्या. मी विनयाने मान झुकवली. मग ते म्हणाले, "आता अंमलबजावणी. यापुढे भाडेकरूंचा करार नवा करताना हा ठराव लागू राहील. पहिली केस, तीनशे चार. करार पुढच्या महिन्यात संपतोय. मासे उघड उघड शिजवतात. तेव्हा मालकांना कळवू, की दुसरे भाडेकरू बघा."

तीनशे चार म्हणजे चैताली!

माझी मान झुकलेली होती ती वर येईना.

"दर रविवारी डक्टमधून वास येतो हो," दुर्गाबाई म्हणाल्या. "देवासमोर हात जोडू की नाक धरू?"

डक्ट! चैतालीचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे. डक्टला, म्हणजे इमारतीच्या मधल्या हवेच्या पोकळीला, लागून आहे ते आमचं. दर रविवारी मी सुरमई तळताना आठवणीने बाल्कनीची दारं लावते, डक्टची खिडकी उघडते आणि वर उदबत्ती लावते. लोक तीनशे चारकडे बघून नाक मुरडतात, हे मला दिसत नव्हतं असं नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"अपूर्वा," मागून चैताली शांतपणे म्हणाली, "तुला काही म्हणायचं होतं तर मला म्हणायचं ना बाप्पा. दार समोरच तर आहे माझं."

माझ्या कानांतून वाफ निघाली असावी. खुर्ची आवाज करत मागे सरकली आणि मी उभी राहिले.

"तो वास आमचा आहे!"

कुणीतरी खोकलं. सलिल छताकडे बघायला लागला. दुर्गाबाईंनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहून घेतलं. आता आपल्यावर काय कोसळायचं ते कोसळो, चैताली तर वाचली, असं मनात म्हणत मी डोळे मिटले.

"बसा तुम्ही," तात्याराव म्हणाले. "तुम्ही मालक आहात. तुमचं वेगळं. आपला विषय भाडेकरूंचा चाललाय."

म्हणजे आयुष्यात एकदा हौतात्म्य पत्करलं, तेही नामंजूर!

"तात्याराव," चैतालीने विचारलं, "तो ठराव जरा परत वाचता का?"

त्यांनी वाचला. '...समुद्री माशांचे सेवन...'

"आम्ही समुद्राचा मासा खातच नाही. आमचा जिल्हा तळ्यांचा. रोहू खातो, तोही तळ्यात पाळलेला. समुद्राच्या माशाला फार वास येते, बाप्पा! माझा नवरा प्रज्ञेश तर हिच्या घरून सुरमईचा डबा आला की खिडकी उघडून बसते."

मागे दोघं-तिघं फिसकन हसली. पण तात्याराव हसले नाहीत. गाडी पांढऱ्या पट्ट्यावर बोटभर आली तरी ते चिठ्ठी लावतात. त्यांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला.

"ठरावात जे लिहिलंय ते लिहिलंय. तीनशे चारला हा लागू होत नाही. त्यांचा करार नवा करायला हरकत नाही." मग कागद खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता प्रश्न असा, की तो लागू कुणाला होतो?"

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. सोसायटीत समुद्र खाणारं, निदान उघड झालेलं, एकच घर होतं!

"मालकांना काढता येत नाही," तात्याराव म्हणाले, "नोंद घेता येते." आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, की तीनशे तीनच्या सौ. अपूर्वा यांना मासे कमी खाण्याबद्दल समज देण्यात आली. एकमताने! हात वर करणाऱ्यांत सलिलही होता.

सभा संपल्यावर मी चैतालीच्या दारासमोर उभी राहिले. बेल वाजवायला हात वर जायचा आणि खाली यायचा. शेवटी तिनेच दार उघडलं. सभेपुरती प्रज्ञेशजवळ ठेवलेली कादंबरी आत ताटावर बसली होती.

"चैताली, मला खरंच फक्त समुद्र..."

"समुद्राचं खरंच आहे तुझं," ती म्हणाली. "पण वास तुमचा आहे हे सांगायला माझं घर जायची वेळ यावी लागली."

मी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

"ये, बस. जेवून घे."

मी मान खाली घालून बसले. तिने भात वाढला, वर रस्सा घातला. लेकीच्या ताटाकडे बघून माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "काटे नीट काढलेत ना गं?"

"तिचे काढले," चैताली म्हणाली. "तुझ्या ताटात मासाच नाही."

मी मुकाट्याने भात कालवला.